बटणाला नाव आहे का? लिनक्सवरील ॲपची आपोआप चाचणी आणि ॲक्सेसिबिलिटी



आज जरा वेगळा विषय घेत आहे. शाळेत किंवा घरी आपण मुलांना संगणकावर पाढ्यांचा सराव, शब्दकोडी, टायपिंगचे खेळ देतो. हल्ली बरेच शिक्षक थोडेफार पायथन शिकून असे छोटे ॲप स्वतःच बनवतात. ॲप तयार झाले की दोन प्रश्न समोर येतात. पहिला प्रश्न : उद्या यात एखादा बदल केला, तर आधीचे सगळे नीट चालेल ना? दुसरा प्रश्न : वर्गातल्या ज्या मुलाला पडदा दिसत नाही, त्याला हे ॲप वापरता येईल का?

हे दोन प्रश्न वेगवेगळे वाटतात. पहिला प्रोग्रॅमरचा, दुसरा समावेशित शिक्षणाचा. पण लिनक्सवर या दोन्ही प्रश्नांची उत्तरे एकाच ठिकाणी शोधता येतात. ते ठिकाण कोणते, तिथे कसे पोहोचायचे आणि तिथून काय कळत नाही, हे या लेखात क्रमाने बघू या.

ज्यांना कोड लिहायचा नाही, त्यांनी पहिले तीन भाग आणि शेवटचे दोन भाग वाचले तरी पुरे आहे. मधले भाग ज्यांना करून बघायचे आहे त्यांच्यासाठी आहेत.

१. आपोआप चाचणी म्हणजे काय?

समजा, आपण "पाढे" नावाचे एक ॲप बनवले. खिडकीत वर प्रश्न दिसतो : "७ गुणिले ८ किती?" खाली उत्तर लिहायची चौकट. शेजारी "तपासा" हे बटण. त्याच्याखाली निकालाची ओळ : "शाब्बास!" किंवा "पुन्हा प्रयत्न कर".

हे चालते की नाही ते बघायला आपण काय करतो? ॲप उघडतो, ५६ लिहितो, बटण दाबतो, "शाब्बास!" आले का बघतो. मग मुद्दाम ५४ लिहून बघतो. मग चौकट रिकामी ठेवून बघतो. प्रत्येक बदलानंतर हे सगळे पुन्हा करायचे. पहिल्या दोन-तीन वेळा आपण मन लावून करतो. नंतर कंटाळा येतो आणि "चालत असेल" म्हणून सोडून देतो.

आपोआप चाचणी म्हणजे हेच काम दुसऱ्या एका छोट्या प्रोग्रॅमकडे सोपवणे. तो ॲप उघडतो, उत्तर लिहितो, बटण दाबतो, निकाल वाचतो आणि जुळले की नाही ते सांगतो. शंभर वेळा सांगा, शंभर वेळा तितक्याच काळजीने करतो.

आता खरा प्रश्न. चाचणी करणाऱ्या प्रोग्रॅमला डोळे नाहीत. "तपासा" बटण कुठे आहे, हे त्याला कळणार कसे?

२. बाकावरून ओळखायचे की नावाने?

यासाठी दोन पद्धती आहेत. आपल्याला दोन्ही वर्गातून ओळखीच्या आहेत.

पहिली पद्धत जागेवरून ओळखण्याची. "दुसऱ्या रांगेतला तिसऱ्या बाकावरचा मुलगा उभा राहा." चाचणीत याचा अर्थ असा : पडद्याच्या डाव्या कडेपासून ४०० आणि वरच्या कडेपासून ३०० ठिपके मोज आणि तिथे माउस दाब. किंवा बटणाच्या चित्राचा फोटो जवळ ठेव आणि पडद्यावर तसेच चित्र शोध. ही पद्धत पहिल्या दिवशी छान चालते. पण अक्षरांचा आकार वाढवला, रंगसंगती बदलली, दुसऱ्या संगणकावर पडदा लहान निघाला, की सगळे बाक हलले! बटण जागच्या जागी चांगले असते, पण चाचणी नापास होते.

दुसरी पद्धत हजेरीची. हजेरीपट उघडायचा आणि नावाने हाक मारायची. मूल कुठल्याही बाकावर बसलेले असो, "हजर" म्हणतेच. चाचणीतही हेच करता येते : "या ॲपमध्ये 'तपासा' नावाचे बटण शोध आणि दाब." बटण डावीकडून उजवीकडे हलवले तरी चाचणीला फरक पडत नाही.

पण हजेरी घ्यायला हजेरीपट हवा. लिनक्सवर तो आधीपासूनच तयार असतो, आणि तो चाचणीसाठी बनवलेलाच नव्हता. तो बनवला गेला दृष्टिबाधित माणसांसाठी.

३. हा हजेरीपट आला कुठून?

ज्याला पडदा दिसत नाही, तो संगणक स्क्रीन रीडरच्या मदतीने वापरतो. स्क्रीन रीडर म्हणजे पडद्यावरचे बोलून दाखवणारा प्रोग्रॅम. लिनक्सवर यासाठी ऑर्का वापरतात. ऑर्काची सुरुवात सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीत झाली आणि २००६ च्या ग्नोम २.१६ पासून तो ग्नोम डेस्कटॉपचा भाग झाला.

आता ऑर्कालाही डोळे नाहीतच. पडद्यावरच्या रंगीत ठिपक्यांवरून "हे बटण आहे" हे तो ओळखत नाही. तो प्रत्येक ॲपला विचारतो : तुझ्यात काय काय आहे? ॲपने या प्रश्नाचे उत्तर कसे द्यायचे, याचे ठरलेले नियम आहेत. त्या नियमांना एटी-एसपीआय म्हणतात. लांबलचक नावाचा साधा अर्थ, "सहायक साधनांना माहिती पुरवण्याची पद्धत".

या पद्धतीत ॲप आपली माहिती वंशावळीसारखी मांडते. सगळ्यात वर डेस्कटॉप. त्याची मुले म्हणजे चालू असलेली ॲप. ॲपचे मूल म्हणजे खिडकी. खिडकीच्या पोटात चौकटी, त्यांच्या पोटात बटणे आणि ओळी. याला ॲक्सेसिबिलिटी ट्री म्हणतात, म्हणजे झाड. झाडावरच्या प्रत्येक वस्तूबद्दल मुख्यतः चार गोष्टी कळतात :

• भूमिका : ही वस्तू काय आहे? बटण, लिहायची चौकट, टिकची चौकोनी खूण, नुसती ओळ?
• नाव : तिला काय म्हणायचे? "तपासा", "तुझे उत्तर".
• स्थिती : ती आत्ता कशी आहे? दिसते आहे का, दाबता येते का, लक्ष तिच्यावर आहे का?
• कृती : तिच्यावर काय करता येते? दाबणे, उघडणे.

"तपासा" बटणावर पोहोचल्यावर ऑर्का "तपासा, बटण" असे बोलतो. यातला पहिला शब्द नावातून आला आणि दुसरा भूमिकेतून.

चाचणीचा प्रोग्रॅम नेमके हेच झाड वाचतो. अंध मुलाला जे ऐकू येते, तेच चाचणीला "दिसते". म्हणून चाचणीला एखादे बटण सापडले नाही तर लगेच चाचणीला दोष देऊ नका. बहुतेक वेळा ते बटण आपल्या वर्गातल्या त्या मुलालाही सापडणार नसते. या लेखातून एकच वाक्य लक्षात ठेवायचे असेल, तर हे ठेवा.

४. तयारी : काय काय लागते?

खालच्या आज्ञा आणि नावे मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. टर्मिनलमध्ये त्या रोमन अक्षरांत टाइप करायच्या.

पहिली पायरी, सोय चालू करणे. उबंटू, डेबियन, फेडोरा यांच्या ग्नोम डेस्कटॉपवर एटी-एसपीआयचे मूळ पॅकेज, म्हणजे "एटी-एसपीआय-टू-कोअर", बहुधा आधीच असते. जी-सेटिंग्जमध्ये "ऑर्ग डॉट ग्नोम डॉट डेस्कटॉप डॉट इंटरफेस" या विभागात "टूलकिट-ॲक्सेसिबिलिटी" नावाची किल्ली आहे. तिची किंमत "ट्रू" करायची. मग लॉग आउट करून पुन्हा आत यायचे. आधीपासून उघडी असलेली ॲप झाडात न दिसण्याचे हे एक नेहमीचे कारण आहे.

दुसरी पायरी, झाड बघायचे साधन घेणे. याचे नाव ॲक्सरसायझर. हे ग्नोम प्रकल्पाचेच आहे. उघडले की डावीकडे चालू ॲपची यादी दिसते. "पाढे" निवडा, त्याच्या फांद्या उघडा, एकेका वस्तूवर क्लिक करा. नाव, भूमिका, स्थिती, कृती सगळे समोर येते. कोडची एक ओळही न लिहिता शिकवायला हे साधन उत्तम आहे.

तिसरी पायरी, चाचणी लिहायचे साधन घेणे. पायथन येत असेल तर डॉगटेल सोयीचे. ते रेड हॅटमध्ये सुरू झाले आणि एटी-एसपीआयवरच चालते. वितरणाच्या भांडारात मिळाले तर तिथून घ्या, नाहीतर पायथनच्या "पिप"ने बसवा. केडीई डेस्कटॉप वापरणाऱ्यांसाठी केडीई प्रकल्पाने "सेलेनियम-वेबड्रायव्हर-एटी-एसपीआय" बनवले आहे. वेबसाइटच्या चाचणीसाठी सेलेनियम वापरणाऱ्यांना त्याची पद्धत ओळखीची वाटेल. या लेखात आपण डॉगटेलच घेऊ.

आपले ॲप कशात बनवले आहे यावरही थोडे अवलंबून असते. जीटीके ३ झाडाची माहिती एटीके नावाच्या मधल्या दुव्यातून देते. जीटीके ४ तो दुवा न घेता थेट देते. क्यूटीमध्येही ही सोय आहे. क्यूटीचे ॲप झाडात दिसत नसेल तर "क्यूटी-लिनक्स-ॲक्सेसिबिलिटी-ऑलवेज-ऑन" हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल १ करून ॲप पुन्हा सुरू करून पाहा. जीटीके ३ चे दिसत नसेल तर "नो-एटी-ब्रिज" हे व्हेरिएबल कुणी १ करून ठेवले आहे का ते बघा. ते झाडाचा दुवाच तोडते.

५. पहिली चाचणी

आता "पाढे" ॲपची चाचणी लिहू. कोड जसाच्या तसा न देता पायऱ्या देते. डॉगटेलमध्ये जवळजवळ प्रत्येक पायरीची एकच ओळ होते.

१) "डॉगटेल डॉट ट्री"मधून "रूट" मागवा. रूट म्हणजे झाडाचे मूळ, अर्थात डेस्कटॉप.
२) "डॉगटेल डॉट यूटिल्स"मधल्या "रन"ने ॲप सुरू करा.
३) रूटला विचारा : "ॲप्लिकेशन, पाढे". यातून आपले ॲप हाती येते.
४) ॲपला विचारा : "चाइल्ड, नाव तुझे उत्तर, भूमिका लिहायची चौकट". तिच्यात ५६ लिहा.
५) ॲपला विचारा : "चाइल्ड, नाव तपासा, भूमिका बटण". त्यावर "क्लिक" ही कृती करा.
६) "शाब्बास!" नावाची ओळ सापडते का बघा. सापडली तर पास, नाही तर नापास.

भूमिकेचे नाव इंग्रजीत लिहावे लागते आणि ते आवृत्तीप्रमाणे थोडे बदलते. बटणाला कुठे "पुश बटन" म्हणतात, कुठे नुसते "बटन". म्हणून अंदाज करू नका. ॲक्सरसायझरमध्ये जसे दिसते तसेच लिहा.

इथे एक गोष्ट सांभाळायची. संगणक फार घाईचा असतो. बटण दाबल्यावर "शाब्बास!" यायला क्षणभर लागतो आणि चाचणी त्याआधीच बघून "नाही आले" म्हणते. यावर काहीजण प्रत्येक ठिकाणी "पाच सेकंद थांब" असे लिहितात. मग चाचणी रेंगाळते, आणि जुन्या संगणकावर ते पाच सेकंदही कमी पडतात. त्यापेक्षा "शाब्बास! दिसेपर्यंत थांब, पण अमुक वेळेपेक्षा जास्त नाही" असे सांगावे. डॉगटेलचा "चाइल्ड" वस्तू पहिल्या फेरीत नाही मिळाली तर थोडे थांबून पुन्हा शोधतो, त्यामुळे बरेच काम आपोआप होते.

६. सगळ्यात उपयोगी चाचणी : नाव नसलेल्यांची यादी

समजा, "तपासा" या शब्दाऐवजी बटणावर नुसती हिरवी बरोबरची खूण ठेवली. लहान मुलांसाठी तेच छान दिसते, नाही का? पण आता झाडात बघा. भूमिका : बटण. नाव : काहीच नाही. ऑर्का नुसते "बटण" म्हणेल. शेजारी "पुढचा प्रश्न" आणि "बंद करा" यांचीही चित्रेच असतील, तर मुलाला ऐकू येईल "बटण", "बटण", "बटण". दिसणाऱ्या मुलासाठी तीन वेगळी चित्रे, न दिसणाऱ्यासाठी तीन बंद दारे.

अशा वेळी चाचणी लिहिणाऱ्याला एक सोपी पळवाट दिसते : "पहिले बटण दाब." म्हणजे नावाऐवजी क्रमांक. चाचणी पास होते. पण हजेरीपट कोराच राहतो आणि दोष झाकला जातो. वर आणखी एक बटण वाढले की "पहिले बटण" भलतेच निघते, ते वेगळेच. म्हणून एक नियम करा : चाचणीत वस्तू नेहमी नाव आणि भूमिका यांनीच शोधायची, क्रमांकाने कधीही नाही.

याच्या जोडीला एक सर्वसाधारण चाचणी प्रत्येक ॲपला लावता येते. झाडाच्या मुळापासून प्रत्येक फांदीवर जा. जी वस्तू दिसते आहे आणि जिची भूमिका बटण, लिहायची चौकट, टिकची खूण किंवा यादी अशी आहे, तिचे नाव रिकामे आहे का बघा. रिकामे असेल तर यादीत टाका. शेवटी यादीत एक जरी वस्तू असली तरी चाचणी नापास. ही चाचणी फार तर वीसेक ओळींची होते.

दुरुस्ती तर त्याहून सोपी. जीटीके ३ मध्ये बटणाची ॲक्सेसिबल वस्तू घेऊन तिला नाव देता येते. जीटीके ४ मध्ये ॲक्सेसिबल "लेबल" हा गुणधर्म भरायचा. क्यूटीमध्ये "सेट-ॲक्सेसिबल-नेम". लिहायच्या चौकटीसाठी शेजारची "तुझे उत्तर" ही ओळ आणि चौकट यांचे नाते जोडायचे. जीटीकेमध्ये ते "सेट-निमॉनिक-विजेट"ने होते, क्यूटीमध्ये "सेट-बडी"ने. नुसती शेजारी ठेवली म्हणून ती ओळ त्या चौकटीची आहे हे झाडाला कळत नाही. हिरवी खूण तशीच राहू द्या, दिसणाऱ्या मुलांचे काही बिघडत नाही.

७. मराठी ॲपची खास अडचण

आपण नावाने शोधतो आहोत आणि नावे मराठीत आहेत. इथे काही गोष्टी नीट समजून घेतल्या पाहिजेत.

पहिली गोष्ट, भाषा. ॲप मराठी आणि इंग्रजी दोन्हींत असेल तर डेस्कटॉपची भाषा बदलताच "तपासा"चे "चेक" होईल आणि चाचणी कोसळेल. म्हणून चाचणी सुरू करताना भाषा ठरवून द्यावी. एटी-एसपीआयच्या नव्या आवृत्त्यांत वस्तूला न बदलणारी ॲक्सेसिबल आयडी देण्याचीही सोय आहे. पण आयडी ऑर्का बोलून दाखवत नाही. म्हणून आयडीने शोधले तरी नाव रिकामे नाही ना, हे वेगळे तपासलेच पाहिजे.

दुसरी गोष्ट, सारखे दिसणारे पण वेगळे असणारे शब्द. "दुसऱ्या पाढ्याकडे" हे बटण घ्या. यातले "ऱ्य" दोन प्रकारे टाइप होते. एका कीबोर्डवर खास "ऱ" अक्षर, हलन्त आणि "य" येते. दुसऱ्यावर साधा "र", हलन्त, मग न दिसणारे जोडचिन्ह आणि "य" येते. पडद्यावर दोन्ही एकसारखे दिसतात. संगणकाच्या लेखी मात्र ते दोन वेगळे शब्द! "ॲ" या अक्षराचेही तसेच. ते एकच अक्षर म्हणून येते किंवा "अ" आणि चंद्र अशा दोन भागांत येते. ॲप एका कीबोर्डवर आणि चाचणी दुसऱ्या कीबोर्डवर लिहिली, तर समोर बटण दिसत असूनही "सापडले नाही" येते आणि माणूस डोके धरून बसतो. युनिकोडचे नेहमीचे नॉर्मलायझेशनही या दोन जोड्या एक करत नाही. उपाय सोपा आहे : सगळी नावे एकाच फाइलमध्ये ठेवा आणि ॲप व चाचणी, दोघांनीही तिथूनच घ्यावीत.

तिसरी गोष्ट, अंक. मूल ५६ देवनागरीत लिहील किंवा इंग्रजी अंकांत. अक्षरे म्हणून तुलना केली तर दोन्ही वेगळी ठरतात. पायथनच्या "इंट"ला मात्र देवनागरी अंक समजतात, म्हणून आधी संख्येत रूपांतर करून मग तुलना करावी. चाचणीत दोन्ही प्रकारे उत्तर लिहून बघा. बरोबर उत्तर देऊन "पुन्हा प्रयत्न कर" ऐकणे कुठल्याही मुलाला आवडत नाही.

८. माणूस समोर नसताना चाचणी चालवणे

चाचणी चालू असताना माउसला हात लावायचा नाही, असे किती वेळ सांभाळणार? यासाठी एक्सव्हीएफबी नावाचे साधन आहे. ते स्मरणात एक खोटा पडदा उभा करते. ॲपला वाटते खरा पडदा आहे, आपल्याला काहीच दिसत नाही आणि आपले काम अडत नाही.

याला एक जोड लागते. लिनक्सवर प्रोग्रॅम एकमेकांना निरोप पाठवतात ते डी-बस नावाच्या सोयीने. ही आपली एसटी नव्हे, पण कल्पना तीच : सगळे निरोप एकाच गाडीने जातात. ॲक्सेसिबिलिटीच्या निरोपांसाठी तर वेगळी गाडी असते आणि तिचा पत्ता मुख्य गाडीवर विचारावा लागतो. खोट्या पडद्यावर मुख्य गाडीच नसेल तर हा पत्ता मिळत नाही आणि झाड रिकामे दिसते. म्हणून "डी-बस-रन-सेशन"ने नवे सत्र सुरू करायचे, त्यात "एक्सव्हीएफबी-रन"ने पडदा उभा करायचा आणि त्यात चाचणी चालवायची. हा क्रम लक्षात ठेवा.

नव्या लिनक्सवर वेलँड ही पडदा सांभाळणारी पद्धत असते. सुरक्षिततेसाठी ती ॲपला आपली खिडकी पडद्यावर नेमकी कुठे आहे हे सांगत नाही. त्यामुळे माउस अमुक जागी नेऊन दाबणे तिथे फसते. नावाने शोधून "क्लिक" कृती केली तर जागा लागतच नाही. खऱ्या माउससारखे दाबायचेच असेल तर डॉगटेलसाठी ग्नोमवर "ग्नोम-पोनीटेल-डीमन" हे जोडसाधन आहे. बाकावरून ओळखण्यापेक्षा हजेरी बरी, याचा हा आणखी एक पुरावा.

९. चाचणी पास झाली म्हणजे सगळे झाले का?

नाही. हा भाग कृपया सोडू नका. चाचणीचे शंभर टक्के आणि मुलाचे समजणे यांत फरक असतो, हे आपल्याला नव्याने सांगायला नको.

एक, नाव आहे पण अर्थ नाही. बटणाचे नाव "बटण १" ठेवले तरी वरची यादी रिकामी येईल. ते नाव ऐकून मुलाला काही कळते का, हे माणसानेच ठरवावे लागते.

दोन, चाचणी थेट कृती करते, मूल कीबोर्डवरून जाते. "क्लिक" ही कृती करायला बटणावर लक्ष असावे लागत नाही. अंध मूल मात्र टॅब दाबत दाबत बटणापर्यंत पोहोचते. टॅबने तिथे जाताच येत नसेल तरी चाचणी खुशाल पास होईल. म्हणून एक वेगळी चाचणी लिहा : फक्त टॅब दाबत जायचे आणि "लक्ष यावर आहे" ही स्थिती क्रमाने चौकट, "तपासा", "पुढचा प्रश्न" यांवर येते का बघायचे.

तीन, चाचणीला दिसते ते मुलाला ऐकू येतेच असे नाही. निकालाच्या ओळीत "शाब्बास!" आले हे चाचणी झाडात वाचते. पण कुठल्या तरी कोपऱ्यातली ओळ बदलली म्हणून ऑर्का ती आपणहून बोलेलच असे नाही. मूल उत्तर लिहून शांत बसून राहील. त्यासाठी निकालाकडे लक्ष न्यावे किंवा तो मोठ्याने जाहीर करायची सोय वापरावी. नव्या जीटीके ४ मध्ये "ॲक्सेसिबल-अनाउन्स" हे त्यासाठीच आहे.

चार, काही ॲप झाडात येतच नाहीत. टक्स पेंट घ्या. मुलांचा लाडका चित्रकलेचा प्रोग्रॅम. तो एसडीएल या लायब्ररीवर बनला आहे आणि आपली बटणेसुद्धा स्वतःच पडद्यावर रंगवतो. त्यामुळे ॲक्सरसायझरमध्ये त्याची बटणे सापडत नाहीत. याचा अर्थ तो वाईट आहे असा नाही. माउस दाबून धरणे जमत नाही अशा मुलांसाठी त्यात क्लिक करून, हलवून, पुन्हा क्लिक करण्याची सोय आहे. पण ही चाचणी पद्धत आणि स्क्रीन रीडर, दोन्ही तिथे चालत नाहीत. मुलांचे बरेच खेळ असेच रंगवलेले असतात. म्हणून स्वतः ॲप बनवताना साधी, तयार बटणे वापरा. आपोआप अर्धे काम होते.

१०. आज घरी किंवा शाळेत काय करून बघता येईल?

कोड न येणाऱ्यांसाठी हा पाच मिनिटांचा प्रयोग :

• ग्नोम डेस्कटॉपवर सुपर, ऑल्ट आणि एस ही तीन बटणे एकदम दाबा. ऑर्का बोलू लागेल. (तीच बटणे पुन्हा दाबली की थांबेल.)
• आवाज मराठी हवा असेल तर ऑर्काच्या पसंतीत ई-स्पीक एनजीचा मराठी आवाज निवडा. आवाज यंत्रासारखा आहे, पण समजतो.
• मुलांना देतो ते एखादे ॲप उघडा. पडदा बंद करा किंवा त्यावर टॉवेल टाका.
• माउस बाजूला ठेवा. फक्त टॅब, स्पेस आणि एंटरने एक प्रश्न सोडवून बघा.
• कुठे नुसते "बटण" ऐकू आले, कुठे काहीच ऐकू आले नाही, कुठे अडकलात, ते वहीत लिहा.

वहीतली ही यादी ॲप बनवणाऱ्याला पाठवा. मुक्त सॉफ्टवेअर असेल तर प्रकल्पाच्या दोष-नोंदणीत लिहा. "ॲप अंधांना वापरता येत नाही" एवढेच लिहिले तर बनवणाऱ्याला कुठून सुरुवात करायची कळत नाही. "मुख्य खिडकीतल्या तिसऱ्या चित्रबटणाला नाव नाही" असे लिहिले तर दुरुस्ती लवकर होऊ शकते. आणि त्याच्या जोडीला नाव शोधणारी चाचणी असेल, तर पुढच्या आवृत्तीत ते नाव पुन्हा गळून पडले की लगेच कळते.

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये समावेशित शिक्षणाबरोबरच माहिती-तंत्रज्ञान सर्वांना वापरता यावे, हेही म्हटले आहे. कायदा आपल्या जागी आहेच. पण आपल्या वर्गातल्या त्या मुलासाठी हा प्रश्न फार लहान आणि रोजचा आहे. बाकीची तीस मुले पाढे सोडवत असतात, तेव्हा त्यालाही स्वतःच्या हाताने "तपासा" दाबता आले पाहिजे, शेजाऱ्याने दाबून देईपर्यंत थांबावे लागता कामा नये. त्यासाठी बटणाला एक नाव द्यायचे असते, आणि ते नाव टिकून आहे का हे रोज तपासणारी एक छोटी चाचणी लिहायची असते.

करून बघा आणि कुठे अडले ते जरूर कळवा. पालकांनी घरी टॉवेलचा प्रयोग मुलांना बरोबर घेऊन केला तर उत्तमच. "दिसत नसताना हे कसं वापरायचं?" या प्रश्नावर मुलं आपल्यापेक्षा चांगल्या युक्त्या सुचवतात.